बाटली ओतण्याआधी गाडीखाली वाका

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप पुन्हा फिरू लागलाय. आशय असा: जुन्या ऑटोमॅटिक गाडीखाली लाल तेल दिसलं म्हणजे गिअरबॉक्सचे दिवस भरले. मेकॅनिककडे गेलात तर तो गिअरबॉक्स उतरवायलाच लावणार. त्यापेक्षा चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पत्र्याच्या तबकाचे) बोल्ट आवळा, लीक-स्टॉपची (गळती थांबवणाऱ्या रसायनाची) बाटली ओता, कमी पडेल तसं कुठलंही लाल तेल भरत राहा. जुनं तेल मात्र बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो. मला हा निरोप सासऱ्यांनी पाठवला, खाली जोडलेले दोन हातही होते. त्यांचा मान राखून एकेक वाक्य घेतो.

‘लाल तेल म्हणजे गिअरबॉक्स गेला.’ आधी ते तेल गिअरबॉक्सचं आहे का, ते तरी बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही लाल एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं, आणि त्याचा पाइप गळला तरी थेंब तसाच दिसतो. काही गाड्यांचं कूलंट लाल किंवा गुलाबी असतं. ते नळाखाली धरलं की धुऊन जातं, तेल जात नाही.

गिअरबॉक्सचंच निघालं तरी घाबरायचं कारण नाही. तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारे होज (रबरी नळ्या), चेंबरचं पॅकिंग, ड्रेन प्लगचं वायसर, एक्सलचं ऑइल सील, सेन्सरची ओ-रिंग या गळण्याच्या नेहमीच्या जागा सगळ्या बाहेरच्या. एक्सल ओढून काढावा लागेल, पण गिअरबॉक्स जागचा हलत नाही. खाली उतरवावा लागतो तो मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाचं) पुढचं सील गेलं तर. तेव्हा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून पडतो. त्याच जागी इंजिनच्या क्रँकचं मागचं सीलही गळतं, फक्त ते तेल तपकिरी-काळं असतं.

माझ्या २००८ सालच्या हॅचबॅकचं चेंबर कायम ओलं असायचं. दोघा मेकॅनिकांनी पॅकिंगवर बोट ठेवलं, एकाने ते बदललंही. गळती होती तशीच. शेवटी खालची बाजू डिग्रीझरने धुतली, वाळवली, वर घरातली टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा किलोमीटर फिरून आलो. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका) आणि टॉर्च मारला. पावडरीत एक ओली रेघ वरून खाली आलेली. उगम होता कूलरच्या परतीच्या होजच्या क्लिपपाशी, चेंबरपासून चांगला हातभर वर. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून सगळ्यात जास्त ओला भाग बघून उपयोग नाही. सगळ्यात वरचा आणि पुढचा ओला ठिपका शोधायचा. तिथे आधीच्या कुणीतरी रेडिएटरच्या होजचा तुकडा बसवला होता, आणि तो तेलाने फुगून मऊ पडला होता. तेलाला टिकणारा होज आणि दोन नव्या क्लिपा, एवढंच काम निघालं.

गाडी रोज चालवली की थेंब नाही आणि गणपतीला आठवडाभर गावी जाऊन आलं की खाली डबकं, असाही प्रकार असतो. उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं, पातळी चढते आणि एरवी कोरडं राहणारं वरचं एखादं सील पाझरतं. ही खूण मेकॅनिकला आवर्जून सांगा.

‘चेंबरचे बोल्ट आवळा.’ हे दहाच्या पान्याचे चिमुकले बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये बसलेले. त्यांना साधारण एक किलोग्रॅम-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. जोर लावलात की पॅकिंग बाहेर येतं, पत्र्याची कड भोकापाशी वाकते आणि दोन बोल्टांच्या मधून नवी गळती सुरू होते. होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकला तर असं उतरवायचं चेंबरच नसतं. तिथे आवळणार काय?

‘लीक-स्टॉप ओता.’ यात थोडं तथ्य आहे. या बाटल्यांमधलं रसायन कडक झालेलं रबर फुगवून मऊ करतं, त्यामुळे वयाने आखडलेलं सील काही काळ कोरडं राहू शकतं. पण फाटलेलं सील, सैल क्लिप, वाकलेली कड किंवा माझा फुगलेला होज यांना त्याचा उपयोग शून्य. शिवाय ते फक्त गळक्या सीलपुरतं थांबत नाही, आतलं धडधाकट रबरही मऊ करतं. त्याच निरोपाच्या एका आवृत्तीत बाटलीऐवजी ब्रेक ऑइल ओतायला सांगितलंय. तेही रबर फुगवतं, खरं आहे. पण ब्रेक ऑइल वेगळ्या जातीच्या रबरासाठी बनतं आणि गिअरबॉक्सच्या आत त्याला जागा नाही. हा प्रयोग कृपया करू नका.

‘कुठलंही लाल तेल चालतं.’ लाल हा फक्त रंग आहे, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. जुन्या ह्युंदाईला एसपी-३ जातीचं तेल, टोयोटाला मॉडेलनुसार टी-४ किंवा डब्ल्यूएस लागतं. सीव्हीटीचं (गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) तेल तर पूर्ण वेगळं, कारण तिथे सगळी मदार पट्ट्याच्या पकडीवर. आणि २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या) गाड्यांमध्ये मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, त्यात एटीएफ नसतंच. पातळी बघायची रीतही सारखी नाही. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम करून, चालू ठेवून तेल मोजायची काडी बघतात. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात. चुकून जास्त भरलं तर तेलाला फेस येतो आणि ते ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या भोकातून) बाहेर पडतं, म्हणजे पुन्हा गळती.

‘तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो.’ लोक तेल बदलतात कधी? गाडी गिअर घ्यायला कुचराई करू लागल्यावर. तोवर क्लच प्लेटा झिजलेल्या असतात आणि दोष नव्या तेलावर येतो. गिअर सुरळीत पडत असतील तर काढा-भरा पद्धतीने बदलावं. एका वेळी निम्मं किंवा त्याहून कमीच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. दर वेळी निम्मं निघालं असं धरलं तरी तीन वेळांनी सुमारे ८७ टक्के नवं होतं. आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सला मात्र नव्या तेलाने बरं वाटणार नाही, हे मान्य.

ज्या गळतीने गिअरबॉक्स खरोखर जातो, तिचा निरोपात उल्लेखच नाही, आणि तिचा जमिनीवर थेंबही पडत नाही. पुष्कळ गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. तो आतून फुटला की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल व पाणी क्लच प्लेटांचं अस्तर सोडवतं. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा. आत स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं काही दिसलं तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या.