विकेट आधी ऐकू येते, मग दिसते

मॅच असली की आमच्या चोपड्याच्या गल्लीत निवांत एक ओव्हर बघायची सोय राहिलेली नाही. माझ्या मोबाइलवर बॉलर अजून चेंडू पँटला घासतोय आणि शेजारच्या डिशवाल्या घरातून आरोळी, ‘गया रे गया!’ झालं. आता काय बघायचं? समोरचे वायफायवाले आणखी नंतर ओरडणार. एकच विकेट, गल्लीत तीनदा पडते. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, तोही मला भिंतीपलीकडूनच कळला. अरे, जरा दम धरा ना भो!

त्यापेक्षा १९८३ बरं म्हणायचं. वर्ल्ड कपची फायनल, २५ जूनला लॉर्ड्सवर आपण १८३ मध्ये गारद, तरी वेस्ट इंडीजला १४० त गुंडाळलं. इकडे ओट्यावर एक ट्रान्झिस्टर, खरखरला की एरियल फिरवा, पण जे कळायचं ते सगळ्यांना एकदमच. (आबा मात्र त्याच वर्ल्ड कपात झिम्बाब्वेविरुद्धच्या कपिलच्या नाबाद १७५ धावा डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगतात. आबा, त्या मॅचचं चित्रीकरणच नाहीये!)

आता रिचार्ज करा, ॲपचे पैसे भरा, गुटख्याच्या जाहिराती सोसा, आणि निकाल शेजाऱ्याकडून फुकट. परवा खिडक्या लावून, कानात इयरफोन खुपसून बसलो. भर उकाड्यात! तर वरून घरच्या ग्रुपवर मामांचा मेसेज टपकला: ‘गई मॅच.’