पत्तानीचं बंड 2001 नंतरचं नाही

‘शांत बौद्ध थायलंडमध्ये मुसलमान बाहेरून येऊन वसले, संख्या वाढली आणि 2001 नंतर जगभरच्या जिहादाचं वारं लागून त्यांनी वेगळा देश मागितला.’ हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि असल्या चुकीवरच लोक मतं बनवतात, म्हणून लिहितोय.

आधी ‘बाहेरून आले’ हे. पत्तानी, यला आणि नराथिवात हे दक्षिणेचे तीन प्रांत म्हणजे जुन्या पत्तानी सल्तनतीचा मुलूख. मलय लोक तिथलेच. चालून आला तो सयाम, म्हणजे आजचं थायलंड. 1786च्या सुमारास सयामी फौजेनं पत्तानी जिंकलं आणि तिथली मोठी तोफ बँकॉकला नेली. आजही ती संरक्षण मंत्रालयासमोर उभी आहे. 1902मध्ये शेवटच्या राजालाही पदावरून काढलं. मग 1909च्या करारात केलांतान, केदाह (आज मलेशियात) ब्रिटिशांकडे गेले, पत्तानी सयामकडे राहिलं. एकच मलय बोली बोलणाऱ्या सग्यासोयऱ्यांच्या मधून सीमा गेली.

‘2001 नंतर’ तर अजिबातच नाही. 1947मध्ये हाजी सुलोंग या धर्मशिक्षकानं सरकारपुढे सात मागण्या ठेवल्या: स्थानिकांनी निवडलेला प्रमुख, शाळेत मलय भाषा, इथला कर इथेच खर्च व्हावा, अशा. वेगळा देश त्यात नव्हता. त्याला 1948मध्ये अटक झाली. सुटल्यावर 1954मध्ये पोलिसांनी बोलावलं म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पुढे ‘पोंडोक’ या गावोगावच्या धार्मिक शाळांवर सरकारनं हात घातला, आणि 1960च्या सुमारास सशस्त्र संघटना उभ्या राहू लागल्या.

राहिला जिहाद. बंडखोर धर्माची भाषा बोलतात, हे खरं. त्यांनी शिक्षक मारले, भिक्खू मारले. त्याचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण त्यांची मागणी पत्तानीच्या मुलखाची आहे, आणि 2004मध्ये बंड पुन्हा पेटलं तेव्हापासून मेलेल्या सात हजारांवर माणसांत निम्म्याहून अधिक मुसलमानच आहेत.

2004च्याच 25 ऑक्टोबरला, रमजानात, नराथिवातमधल्या ताक बाई इथल्या निदर्शकांना सैनिकांनी हात पाठीमागे बांधून ट्रकमध्ये पालथं, एकावर एक रचलं. लष्करी छावणीपर्यंत पोचता पोचता 78 जण गुदमरून, चिरडून मेले. 2024मध्ये खटल्याची 20 वर्षांची मुदत संपली, तोवर एकही आरोपी कोर्टात उभा राहिला नव्हता.