ओळखीचा पुरावा कोणी मागायचा?

मागच्या महिन्यात आमच्या पेणच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एका वर्गमित्राने चित्रफीत टाकली. ॲमेझॉनमधला एक कोवळा मुलगा विणलेल्या मोज्यात हात घालून उभा आहे, मोज्यात जिवंत मुंग्या आहेत आणि भोवतीची माणसे हातात हात अडकवून नाचत आहेत. 'जंगली', 'रानटी' हे शब्द लगेच येऊन गेले. त्यांचे मला फारसे वाटले नाही. लागले ते पुढचे. कोणीतरी एकाच्या अंगावरचा फुटबॉलचा सदरा आणि मागच्या बाईच्या हातातला मोबाइल हेरला आणि लिहिले की हे सगळे पर्यटकांसाठीचे नाटक आहे, मोबाइल वापरणारे हे कसले आदिवासी, आणि आपल्याकडचेही तसेच, दाखल्यापुरते आदिवासी. या वाक्याला गटातल्या बहुतेकांनी दाद दिली.

ती माणसे कोण आहेत ते मला ठाऊक आहे. मी नऊ वर्षे ब्राझीलच्या ॲमेझॉनमधल्या मानाउस शहरात राहते आणि दिस्त्रितोतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका दुचाकींच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी पाहते. माझ्या विभागातला एक सहकारी त्यांच्यातलाच, सातेरे-मावे जमातीचा आहे. त्याचा जन्म शहरातला, आई आंदिरा नदीकाठच्या गावातून घरकामासाठी इथे आलेली. १९७० च्या दशकापासून त्यांच्या जमातीतल्या कितीतरी बायका अशाच आल्या. गेल्या वर्षी एका सोमवारी त्याला मापे घ्यायचा व्हर्निअर धरता येईना, कारण बोटे सुजून एकमेकांना टेकली होती. शनिवारी वाउमात झाला, एवढेच तो म्हणाला, आणि दिवसभर मापे तोंडी सांगून त्याने माझ्याकडून लिहून घेतली.

वाउमात म्हणजे तो मुंग्यांचा विधी. रानातून पकडून आणलेल्या तुकांदेइरा मुंग्यांना काजूच्या पाल्याच्या पाण्यात टाकून गुंगी आणतात आणि विणलेल्या मोज्यात एकेक मुंगी, नांगी आतल्या बाजूला येईल अशी, ओवतात. गुंगी उतरली की त्या चवताळतात, आणि तेव्हाच मुलाने हात आत घालायचा असतो. हे एकदा करून भागत नाही, पूर्ण व्हायला वीस वेळा करावे लागते. मोजा हातात असताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत कष्ट असतात, प्रेम असते आणि जुन्या लढायाही असतात, म्हणजे ज्याला आपण इतिहास म्हणतो तो त्या दुखऱ्या हातांच्या साथीने पाठ होतो. आमच्या गटाला त्यातला फक्त सदरा दिसला.

ग्वाराना म्हणजे तरतरी आणणारे एक फळ; त्याची वेल रानातून परसात आणली ती याच लोकांनी. ते स्वतःला ग्वारानाची लेकरे म्हणवतात. १६६९ मध्ये बेटेन्डॉर्फ नावाच्या जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवले की गोऱ्यांना जसे सोने, तसे या लोकांना हे फळ. माझ्या सहकाऱ्याच्या आईला मी त्याचे पेय करताना जवळून पाहिले आहे. जमिनीवर बसून, कुइयातल्या, म्हणजे भोपळ्यासारख्या फळाच्या वाडग्यातल्या, पाण्यात दगड भिजवून, त्यावर ती ग्वारानाची भाजून, कुटून, धुरावर वाळवलेली कांडी सावकाश गोल फिरवत होती, अगदी माझी आजी सहाणेवर चंदन उगाळायची तशी. त्यात साखर नव्हती. चव तुरट, थोडी मातकट होती. कुइया सगळ्यांच्या हातून फिरली, आणि तहान कितीही असली तरी एक-दोन घोट घेऊन पुढे द्यायची रीत प्रत्येकाने पाळली. समोर टीव्हीवर फ्लामेंगोचा सामना चालू होता आणि नातू मोबाइलवर खेळत होता. त्यामुळे त्या घोटातले काही उणे झाले, असे मला क्षणभरही वाटले नाही. २०२० मध्ये त्यांच्या आंदिरा-माराउ भूमीतल्या ग्वारानाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ब्राझीलमधल्या मूळनिवासींच्या पदरात पडलेले असे ते पहिलेच मानांकन होते.

भारतात अनुसूचित जमात ठरवताना १९६५ च्या लोकूर समितीचे निकष आजही वापरले जातात: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपणा. ही यादी वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण तिच्या हिशेबाने जो शिकला, बोलू लागला, शहरात आला, तो आपल्या माणसांतून वजा झाला. ब्राझीलचा १९७३ चा कायदाही असाच होता. मूळनिवासी हळूहळू मिसळून जातील असे तो गृहीत धरत होता. १९८८ च्या संविधानाने ते गृहीतक मोडले आणि त्यांच्या चालीरीती, भाषा आणि जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला. स्वतःची ओळख स्वतः सांगण्याला महत्त्व देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार ब्राझीलने २००२ मध्ये स्वीकारला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १७ लाख लोकांनी आपण मूळनिवासी असल्याचे सांगितले, त्यांतले निम्म्याहून अधिक शहरांत राहणारे, आणि सर्वाधिक, म्हणजे ७१,७१३, माझ्या या मानाउसमध्ये.

यानोमामी या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या भूमीत सोन्याच्या बेकायदा खाणींनी जे केले आणि त्यापायी २०२३ च्या जानेवारीत आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, ते मी विसरलेले नाही. मूळनिवासींचा हक्क फक्त १९८८ मध्ये त्यांच्याकडे असलेल्या जमिनीपुरता मानणारी, त्याच वर्षी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेली कालमर्यादा संसदेने कायदा करून पुन्हा आणली, तेही मला माहीत आहे. तरीही माझ्या सहकाऱ्याला, तू व्हर्निअर धरतोस मग सातेरे कसा, असे आमच्या कारखान्यात कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

पंढरीच्या वाटेवर खिशात मोबाइल असलेल्या वारकऱ्याला आपण खोटा म्हणत नाही. माझेच पाहा. माझी मुलगी स्वप्नेसुद्धा पोर्तुगीजमध्ये पाहते, मी भातावर फारिन्या, म्हणजे कसाव्याचे भरड पीठ, घालून जेवते, पेणची असूनही चतुर्थीला गणपती मातीचा नव्हे, कणकेचा करते आणि बादलीत विसर्जन करते. तरी माझे मराठीपण कोणी तपासत नाही. उलट गावी गेले की परदेशात राहून संस्कृती जपली म्हणून कौतुक होते. ते कौतुक मी नऊ वर्षे हक्काने घेत आले आहे. गटावर भांडताना मला प्रथमच जाणवले की माझ्या बदलाला संस्कृती जपणे म्हणणारी आणि आदिवासीच्या बदलाला नाटक म्हणणारी माणसे तीच आहेत, आणि मी त्यांच्यातच वाढले आहे.

आमच्या घरी धुणीभांडी करायला डोंगराखालच्या वाडीवरची एक कातकरी बाई येत असे. तिचा कप वेगळा होता आणि तो मागच्या पडवीत कोनाड्यात पालथा ठेवलेला असे. काताच्या भट्ट्या बंद पडल्यावर तिच्या सासऱ्यांनी काय केले, हे ती आईला सांगत असताना मी शेजारी बसून गृहपाठ करत होते, पण मी ते कधी नीट ऐकले नाही. परवा सहकाऱ्याच्या आईच्या घरून परतल्यावर मी पेणला फोन केला आणि त्या बाईचे नाव विचारले. आई बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, "अगं, आपण तिला कातकरीणच म्हणायचो."

मी भावाला वाडीवर जाऊन विचारायला सांगितले. तो जाऊन आला. दिवाळीनंतर निम्मी घरे वीटभट्ट्यांवर गेली होती, आणि उरलेल्यांत तिला ओळखणारे कोणी भेटले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माणसे परत येतात, तेव्हा पुन्हा जा, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.