तीन अक्षरांच्या शब्दाला ‘सोपा’ म्हणणं थांबवा!

‘सेट’ हा शब्द इंग्रजीच्या पुस्तकात ‘सोपे शब्द’ या यादीत दिसला की डोकंच फिरतं माझं. सोपा? कुणासाठी? ‘फोटोसिंथेसिस’ला कठीण म्हणता, पण त्याचा अर्थ एकच. एकदा पाठ केला की जन्मभर पुरतो. ‘सेट’ मात्र दर वाक्यात नव्याने शिकावा लागतो.

सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे मावळतो. सिमेंट सेट होतं म्हणजे घट्ट होतं. मोडलेलं हाड सेट करतात, सापळाही सेट करतात. ‘सेट फ्री’ म्हणजे मोकळं सोडणं, आणि नुसतं विशेषण म्हणून आला तर तोच शब्द ठाम, न बदलणारा! त्यात वर शेपट्या. ‘सेट ऑफ’ म्हणजे माणूस प्रवासाला निघाला, नाहीतर कुणीतरी फटाका उडवला. ‘सेट अप’ म्हणजे संस्था उभी केली, नाहीतर एखाद्याला खोट्या आळात अडकवलं. भूतकाळातही रूप तेच. ‘दे सेट’ एवढंच वाचून आजचं की कालचं, हेसुद्धा कळत नाही. संच या अर्थाचा ‘सेट’ तर जुन्या फ्रेंचमधून आलेला, क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. म्हणजे मुळात शब्दच दोन!

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहिताना पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने गेले, आणि अर्थ भरले ६४५. शब्द हाच ज्याचा पेशा त्याची ही गत, आणि शिकणाऱ्याने मात्र एका ओळीत उरकायचं!

मराठीत ‘लागणे’ नाही का, असं कुणीतरी विचारणारच. आहे ना! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेड लागतं, दार लागतं. पण ते आपल्याला कुणी यादीतून शिकवलं नाही, घरात ऐकत ऐकत आलं. ज्याच्या कानावर इंग्रजी पडतच नाही, त्याचा सगळा भरवसा पुस्तकावर. आणि ते पुस्तक ‘सेट म्हणजे ठेवणे’ एवढं छापून मोकळं होतं. ही शुद्ध फसवणूक आहे.

अर्थ नका छापू, वाक्यं छापा. एकेका शब्दाला पानभर द्या. आणि पोरगं अडखळलं की ‘एवढा साधा शब्द येत नाही?’ म्हणत त्याला वर्गासमोर उभं करू नका!