लीफ्स की सेनेटर्स? रविवारच्या आधी मनातलं सगळं

परवा रविवारी, २० एप्रिल २०२५ ला संध्याकाळी ७ वाजता टोरंटो मेपल लीफ्स आणि ओटावा सेनेटर्स समोरासमोर येताहेत. एनएचएल या आइस हॉकी लीगच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांची, पहिली फेरी. सातपैकी जो आधी चार जिंकेल तो पुढे. सतरा वर्षं झाली मला टोरंटोशेजारच्या मिसिसागात, आणि हा आठवडाभर ऑफिसात, वाण्याकडे, मुलाच्या शाळेबाहेर एकच गोष्ट कानावर येतेय: "ओटावाने यंदा आपल्याला तिन्ही वेळा हरवलंय."

खरं आहे. तीन सामने, गोल ९-३. पण नोव्हेंबरातल्या पहिल्या सामन्यात आमचा कॅप्टन मॅथ्यूज दुखापतीमुळे नव्हताच. शिवाय ते तीन सामने चार महिन्यांत विखुरलेले होते. प्लेऑफमध्ये तोच संघ दिवसाआड समोर उभा राहतो, त्याची प्रत्येक चाल उलगडून बघायला वेळ मिळतो. आणि आमचे जुने लोक २०००, २००१, २००२, २००४ अशा चारही मालिका आपण जिंकल्याचं सांगतात, तेही सोडून द्या. २००४ मध्ये ओटावाचा आजचा कॅप्टन ब्रेडी कचक साडेचार वर्षांचा होता.

माझ्या मते ही मालिका गोलच्या तोंडाशी ठरणार आहे. कचक तिथे कसा उभा राहतो ते एकदा नीट बघा. पाठ गोलीकडे (गोलरक्षकाकडे), पाय रोवलेले, दोन बचावपटू कमरेत काठ्या खुपसताहेत आणि हा तसूभर हलत नाही. लांबून फटका येतो, गोलीला पक (खेळायची रबरी चकती) दिसतच नाही आणि हा काठीचं टोक लावून दिशा बदलतो. कबड्डीत मध्यरेषेला बोट टेकवणाऱ्या चढाईपटूची जिद्द आहे ती. गेल्या काही वर्षांतले लीफ्स अशा माणसापुढे नांगी टाकायचे. यंदा तिथे टॅनेव्ह आणि मकेब हे बचावपटू आहेत. टॅनेव्ह तर अंगावर पक झेलायला बर्फावर सरळ आडवा होतो.

गोलींचं सांगतो. ओटावाचा उलमार्क २०२३ चा व्हेझिना विजेता, म्हणजे त्या हंगामातला लीगमधला सर्वोत्तम गोली. पण त्याच वर्षी त्याच्या बोस्टनने ६५ सामने जिंकून विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत ३-१ अशी आघाडी घालवून फ्लोरिडाकडून हरले. आमचा स्टोलार्झ गेल्या वर्षी फ्लोरिडाच्या विजेत्या संघात राखीव होता, प्लेऑफचा अनुभव त्याला जवळपास नाहीच. तरी हा हंगाम त्याने गाजवलाय. इथे मी दोघांना बरोबरीत धरतो.

आक्रमणात मात्र आम्ही सरस. नायलँडर ४५ गोल, टवारेस ३८, मार्नर १०२ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). लोक मार्नरला 'मोठ्या सामन्यात गायब होतो' म्हणतात, मला ते पटत नाही. फेब्रुवारीत फोर नेशन्स या चार देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅनडाच्या मॅकडेव्हिडने जादा वेळेत विजयी गोल मारला, तो मार्नरच्याच पासवर. अर्थात त्याच सामन्यात अमेरिकेचे दोन्ही गोल ओटावाच्या पोरांनी केले, कचक आणि सँडरसन. ओटावाला कमी लेखू नका. २०१७ नंतर पहिल्यांदा ते प्लेऑफमध्ये आलेत आणि ३७ वर्षांच्या जिरूला अजून स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलायचाय. ही भूक मला त्यांच्या संघाच्या हंगामातल्या ९७ गुणांपेक्षा जास्त मोठी वाटते.

२०१३ चा सातवा सामना मी अरीनाबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर पाहिला होता. बोस्टनविरुद्ध आम्ही ४-१ ने पुढे. बोस्टनने आधी एक गोल फेडला, मग शेवटच्या दीड मिनिटात ३१ सेकंदांच्या अंतराने आणखी दोन गोल झाले, ४-४ झालं आणि जादा वेळेत सगळं संपलं. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, निळी जर्सी, हातात लीफ्सने शेवटचा जिंकलेल्या १९६७ च्या कपाचा फोटो. त्यांनी फोटो दुमडून खिशात ठेवला आणि काही न बोलता स्टेशनच्या दिशेने गेले. त्यानंतर २०२३ मध्ये टँपाला हरवलं तेवढंच. मालिका जिंकायला १९ वर्षं लागली होती.

तरीही यंदा माझा विश्वास बसतोय, आणि त्याचं कारण कोच बेरुबी. २०१९ मध्ये सेंट लुईसला कप मिळवून देणारा माणूस. त्याने या संघाला २-१ ने सामना जिंकायला शिकवलंय. पूर्वी आमचे पाच गोल झाले नाहीत की चुळबुळ सुरू व्हायची. आता तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये एका गोलची आघाडी असेल तर फॉरवर्डसुद्धा मागे धावत येतात. १०८ गुण आणि डिव्हिजनमध्ये पहिला नंबर त्यातूनच आलाय. आणि मार्नर, टवारेस दोघांचेही करार या उन्हाळ्यात संपताहेत, म्हणजे ही मंडळी पुन्हा अशी एकत्र दिसतील याची खात्री नाही.

माझा अंदाज, लीफ्स ६ सामन्यांत. ओटावातल्या मराठी मित्रांनो, खाली भांडायला या. भारतातून बघणाऱ्यांनी सोमवारी पहाटे साडेचारचा गजर लावा. आमच्याकडे रविवारी पुरणपोळी आहे, पण जेवणं साडेसहाच्या आत उरकायची असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.