आधी फॅक्टर, मग प्रोब

‘मोबाइलला जोडायचं छोटं सोनोग्राफी यंत्र घ्या. सांध्यात रक्त दिसलं तरच फॅक्टर टोचा. एमआरआयची गरज संपली.’ हिमोफिलियावाल्यांमध्ये सध्या हा निरोप जोरात फिरतोय. मलाही तिघांनी पाठवला. मला जन्मापासून हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन, फॅक्टर, शरीरात कमी; ते इंजेक्शनने घ्यावं लागतं. आणि डावा घोटा कधीचाच कामातून गेलाय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘रक्त दिसलं तरच फॅक्टर.’ यातला ‘तरच’ घातक आहे. ब्लीड, म्हणजे सांध्यातला रक्तस्राव, सुरू होताना आधी मुंग्या येतात, सांधा जड वाटतो. सूज मागाहून येते. त्या वेळी आत जेमतेम काही साचलेलं असतं, नवख्या हाताला ते पडद्यावर दिसेलच असं नाही. शंका आली की आधी डोस, तपासणी नंतर, हाच जगभरचा शिरस्ता आहे. डोक्याला मार लागला असेल तर मोठ्या माणसाच्या कवटीतून हा प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, भरवशाचं काही दाखवत नाही. तिथे फॅक्टर घ्यायचा आणि सीटी स्कॅनसाठी पळायचं.

निरोपात खरं काहीच नाही असं मात्र नाही. झिजलेल्या सांध्यातलं प्रत्येक दुखणं ब्लीड नसतं. आम्ही पेशंटही यात फसतो, संधिवाताच्या कळेवर फॅक्टर ओतत बसतो. शिकलेला डॉक्टर प्रोब हलकेच दाबून बघतो: पाणी किंवा ताजं रक्त असेल तर बाजूला सरकतं, सांध्याचं जाड झालेलं आतलं अस्तर जागेवरच राहतं. तरी गोठलेलं रक्त आणि सुजलेलं अस्तर कधीकधी सारखंच दिसतं. पहिल्या डोसनंतर पुढचे डोस किती दिवस द्यायचे, हे ठरवायला ही तपासणी फार कामाची. कोपर, गुडघा, घोटा या सांध्यांसाठी तर सोनोग्राफीने तपासायची ‘हेड-यूएस’ नावाची ठरलेली पद्धतच आहे.

एमआरआयचं म्हणाल, तर ध्वनिलहरी हाडापलीकडे जात नाहीत. घोट्याच्या आतली कूर्चा, हाडातल्या पोकळ्या बघायला एमआरआयच लागतो.

राहिलं ‘घरी घेऊन ठेवा’.  गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९९४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार सोनोग्राफी यंत्र फक्त नोंदणीकृत केंद्रालाच विकता येतं, मग ते खिशात मावणारं का असेना. ‘हिमोफिलियासाठी कपाटात ठेवलंय’ हे उत्तर तिथे चालत नाही.