फोडणीआधीची वाटी

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती पोस्ट गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आली. मथळा: 'ऑटिझम, एडीएचडी सगळं पोटातून येतं!' खाली पाच मुद्दे. एक, मोठ्या माणसानं रोज तेच मऊ, फिकं जेवण मागणं म्हणजे चोचले. चार दिवस दुसरं काही देऊ नका, झक मारत खाईल. दोन, गहू आणि दूध बंद केलं की डोकं शांत. तीन, साखर सोडून गूळ खा, चंचलपणा जातो. चार, दूध-केळं-बदामात मेंदू शांत करणारं द्रव्य असतं. पाच, भूक लागली की माणूस जेवतंच, मोठ्यांच्या मागं ताट घेऊन फिरू नका. एका मामेभावानं खाली मला टॅग करून हसरा चेहरा टाकला, म्हणून हे उत्तर.

मी ४१ वर्षांची. राजारामपुरीत राहते. ऑटिझम (मेंदूची जन्मजात वेगळी घडण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं जड जाणं) दोन्ही आहे हे ३६व्या वर्षी कळलं. तोवर घरात माझं टोपणनाव 'अळणी' होतं. कोल्हापुरात राहून रस्सा न ओरपणारी मुलगी, दुसरं काय नाव पडणार!

तर चोचले. तिखट ही मुळात जिभेची चव नव्हे, वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं, तो भाजल्याची वर्दी देणारा. साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की तो जागा होतो, आणि मिरची त्याला थंड ताटातही जागं करते. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९७ साली हुडकला. २०२१च्या नोबेलमागं तेच काम आहे. तुमच्या मेंदूला ही वर्दी मजेची वाटते, घाम पुसत तुम्ही अजून कट मागता. माझ्या मेंदूत आधीच दिवसभराचे हॉर्न, ट्यूबलाइट आणि माणसं साचलेली असतात, त्यात आणखी ही वर्दी. आवाज, उजेड, स्पर्श, चव जास्त किंवा कमी जाणवणं हे काही माझं कवित्व नव्हे; निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत २०१३पासून ते ऑटिझमच्या लक्षणांत आहे.

आणि प्रश्न निव्वळ तिखटाचा नाही. मिसळ घ्या. पहिल्या घासाला फरसाण कुरकुरीत, तिसऱ्याला अर्धं भिजलेलं, पाचव्याला लगदा. मधेच कच्चा कांदा कचकन दाताखाली येतो, लिंबाची बी येते, मटकीचा एखादा दाणा कच्चा निघतो. तुम्हाला ह्यातच गंमत वाटते. मला प्रत्येक घास नव्यानं तपासावा लागतो. दहीभाताचा पहिला घास आणि विसावा घास सारखा असतो. मला शांत करतं ते हे. दह्यात जादू नाही. पुढचा घास कसा असेल हे मला आधीच ठाऊक असतं, एवढंच. म्हणूनच कुणाला हीच शांतता मऊ मेतकूट-भातात मिळते, कुणाला कोरड्या, कडक भडंगात, तर कुणाला, हो, रोज तोच झणझणीत खर्डा लागतो. आमच्यातल्या कित्येकांना जोरकस चवच सावरते. 'शांत करणाऱ्या पदार्थांची यादी' सगळ्यांना एकच लागू करणारे इथंच चुकतात.

'चार दिवस देऊ नका' हा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. पोत, वास किंवा भीतीमुळं खाणं इतकं आकसतं की वजन किंवा पोषणावर परिणाम होतो, अशा अवस्थेला डीएसएम-५नं 'अर्फिड' असं स्वतंत्र निदान दिलं आहे, आणि त्याला वयाची अट नाही. अशा माणसापुढचं चालणारं ताट काढून घेतलं तर ते दुसरं खात नाही, उपाशी राहतं. फार आकसलेल्या आहारामुळं ऑटिस्टिक माणसांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तेव्हा वजन घटत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, पदार्थ एकेक करत गळत चालले असतील, तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ गाठावेत. चालणारा पदार्थ तसाच ठेवून त्याच्या कडेला नवा चमचाभर ठेवायचा, ताट हिसकावून नाही.

गहू-दुधाचं बघू. २०१६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे, १४ ऑटिस्टिक मुलांवरचा. आधी सगळ्यांचं ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) आणि केसिन (दुधातलं प्रथिन) बंद केलं, मग मधूनमधून असा खाऊ दिला की ज्यात ते आहे की नाही हे मुलांना, आईवडलांना, निरीक्षकांना कुणालाच ठाऊक नव्हतं. वागण्यात, झोपेत, पोटाच्या तक्रारीत फरक दिसला नाही. प्रयोग लहान आहे, मान्य. पण उलट बाजूनं ठामपणे सांगावं असंही काही हाती नाही. सीलिएक, म्हणजे ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार, असेल किंवा दूध पचत नसेल तर ते सोडावंच, तो वेगळा आजार. बाकी ज्या माणसाचे मुळात आठ पदार्थ चालतात, त्याची चपाती, दही आणि दूध काढून घेतलं तर उरलं काय? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन पैलवान पोसले त्या गावात हे सांगावं लागतंय. (मला त्या दुधावरचा फेस सोसत नाही, ते सोडा.)

गूळ आमचा जगात भारी, वादच नाही. पण गुळाचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखरच. तिच्यानं मुलं चेकाळतात का, हेही तपासून झालंय: १९९५ साली २३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि वागण्यावर परिणाम आढळला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग तर आमच्या ग्रुपसाठीच केल्यासारखा आहे. मुलांना साखर दिलीच नव्हती, सगळ्यांना बिनसाखरेचं गोड पेय. निम्म्या आयांना सांगितलं, साखर दिलीय. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी दिसली, आणि त्या त्यांना जास्त टोकतही होत्या. अभ्यास मुलांवरचे आहेत. मोठ्यांसाठी साखर कमी करायला दात आणि मधुमेह ही कारणं पुरेशी आहेत, एडीएचडी मधे आणायला नको.

दूध-केळं-बदाम: त्यांत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि त्यापासून सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं द्रव्य बनतं, इतकं खरं. पण मेंदूत शिरताना त्याला इतर अमिनो आम्लांबरोबर एकाच दारातून धक्काबुक्की करत जावं लागतं. कपभर दुधानं त्याचा नंबर लागत नाही. कोमट दूध आवडत असेल तर खुशाल प्या.

आता पाचवा, जो माझ्या मते सगळ्यांत नुकसान करतो. भूक लागली की माणूस जेवतं, पण भूक लागलीय हे कळलं तर! शरीराच्या आतल्या खुणा ओळखणं आमच्यातल्या अनेकांना जड जातं. मला भूक पोटात जाणवत नाही. डोकं दुखतं, मग कुणावर तरी खेकसते, मग चारच्या सुमाराला लक्षात येतं की सकाळच्या चहावर आहे. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांची भूक औषधानंही मरते. आणि कळली तरी पुढं कूकर, चिरणं, फोडणी, भांडी. डोकं भरून आलेलं असताना उप्पीटसुद्धा चौदा पायऱ्यांचा जिना वाटतो.

म्हणून माझी सोय अशी. दुपारी दीडचा गजर. भूक असो नसो. डब्यात भडंग आणि भाजके शेंगदाणे, फ्रीजमध्ये दही आणि कालचा भात. वाटी एकच, चमचा तोच. फार वाईट दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी, कारण ती चावावीही लागत नाही. 'काय खाणार?' असं विचारू नका, तो त्या वेळी प्रश्न नसतो, परीक्षा असते. 'भात कालवून ठेवलाय' म्हणा आणि आत जा.

ही सोय काही परदेशातून आणायची नाही. रविवारी मटण शिजतं तेव्हा हळद, मीठ, आलं-लसूण घालून जे पाणी निघतं त्यालाच आपण अळणी म्हणतो. नावाला अळणी, मीठ असतं. तांबडा आणि पांढरा दोन्ही त्याच्यावरच होतात, आणि मसाला पडायच्या आधी लहान पोरांसाठी, आजाऱ्यासाठी एक वाटी न विचारता बाजूला काढली जाते. आईनं माझी ती वाटी मी बारा वर्षांची झाल्यावर बंद केली होती. निदान झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तिनं कांदा-खोबऱ्याचं वाटण हातात घेतलं, थांबली, आणि शिंकाळ्याशेजारच्या फळीवरनं माझी जुनी स्टीलची वाटी काढली.